वसव्याची वाटणी

एकदा एका विद्वान माणसाच्या वाट्याला शेत आले.

विद्या त्याने मागून मिळवली होती. शेत मात्र न मागता आले. सारे तारुण्य त्याने दूरच्या नगरात, एका वृद्ध आचार्यांच्या पायाशी बसून न्यायशास्त्र शिकण्यात घालवले होते. धूर दिसला की अग्नीचे अनुमान कसे करावे, घट हाती आला की त्याच्या मातीपर्यंत कसे पोहोचावे, समोरच्याचे म्हणणे खोडण्याआधी ते त्याच्यापेक्षा चांगले कसे मांडावे, हे सगळे त्याला येत होते. वडील निवर्तले आणि तो गावी परतला. घरी म्हातारी आई होती, पत्नी मथुरा होती, एक बैलजोडी, थोड्या शेळ्या, आणि घराच्या मागच्या दारापासून ओढ्यापर्यंत उतरत गेलेले लहानसे शेत.

गावकरी त्याला पंडित म्हणू लागले. त्यात आदर किती आणि थट्टा किती, याचा निर्णय त्याला कधी करता आला नाही. खरे तर कोणताच निर्णय त्याला चटकन करता येत नसे. फार शिकलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू दिसतात, आणि ज्याला दोन्ही बाजू दिसतात तो पुष्कळदा बांधावरच उभा राहतो.

त्याच्या शेताच्या बांधावर झाडे होती. चिंच आजोबांनी लावलेली. बाभळी आपोआप उगवलेल्या, पण वडिलांनी राखलेल्या. मधूनमधून कडुनिंब, अंजन, करंज, शेवगा, एक बोर. आणि ओढ्याच्या अंगाला निर्गुडीचे दाट कुंपण. या झाडांची सावली जिथवर पोहोचे तिथवर ज्वारी खुजी राहत असे. शेताच्या मधोमध माणूस बुडेल एवढी ताटे, आणि बांधाकडेला कमरेएवढी, त्यांची कणसेही बारीक. सावलीने दबलेल्या अशा पट्ट्याला आपल्याकडे वसवा म्हणतात. वसवा पडला, वसव्यात गेलं, वसव्यानं खाल्लं, असे शेतकरी बोलतो, आणि तो शब्द उच्चारतानाच त्याचे तोंड आंबट होते.

त्या वर्षी सुगी झाली. शेजारच्या भुजंगाने आदल्या साली आपल्या बांधावरची झाडून सगळी झाडे विकून टाकली होती. त्याच्या खळ्यावर रास पडली ती पंडिताच्या राशीपेक्षा डोळ्यांत भरेल इतकी मोठी होती.

"पंडित," भुजंगा भुसा झटकत म्हणाला, "तुमच्याकडं शेत किती आणि वसवा किती, एकदा बघा तरी. लोक जमिनीचे धनी असतात. तुम्ही वसव्याचे धनी!"

खळ्यावरची माणसे हसली. पंडितही हसला, विद्वानांना आपल्यावरच्या थट्टेला हसून दाखवण्याची सवय असते. पण घरी पोहोचेपर्यंत ते दोन शब्द वहाणेतल्या खड्यासारखे टोचत राहिले.

त्यातच नगराहून निरोप आलेला होता. तिथल्या पाठशाळेत अध्यापकाची जागा रिकामी झाली होती आणि पावसाळ्यापूर्वी होकार कळवायचा होता. पंडिताला जायचे नव्हते. आईला ओढ्याच्या पाण्याखेरीज दुसरे पाणी मानवत नसे. मथुरेचा जीव गोठ्यात होता. त्याला स्वतःला, कारण विचारले असते तर सांगता आले नसते, पण सकाळी बांधावर उभे राहिले की बरे वाटत असे. मात्र बरे वाटणे हे काही प्रमाण नव्हे. शेत घराला पोसते की नाही, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर तो धान्याच्या कणगीत शोधत होता. कणगी यंदा गळ्यापर्यंत भरली नव्हती.

"शेत पोसत असेल तर राहू," तो मथुरेला म्हणाला. "नाहीतर बाडबिस्तरा बांधून नगरात जावं लागेल."

"उपाशी कधी झोपलोय का आपण?" मथुरेने विचारले.

"तो मुद्दा नाही."

"मग मुद्दा कोणता?" असे म्हणून उत्तराची वाट न पाहता ती शेळ्यांना पाला टाकायला गेली.

पंडिताने बसून विचार केला. जिथे जिथे वसवा, तिथे तिथे तोटा. वसवा झाडांमुळे. म्हणून झाडे हेच तोट्याचे कारण. कारण नाहीसे केले की कार्य नाहीसे होते. एवढे निर्दोष अनुमान त्याने पुष्कळ दिवसांत केले नव्हते. त्याने कोळशाच्या भट्ट्या चालवणाऱ्या व्यापाऱ्याला बोलावणे धाडले. शेटजी आले, बांधावरून फिरले, प्रत्येक बुंध्याला त्यांनी चुन्याचा ठिपका लावला. पान-सुपारी झाली. सोमवारी माणसे आणि कुऱ्हाडी घेऊन येण्याचे ठरले.

ठरले, आणि पंडिताची झोप उडाली. निर्णय चुकला असे त्याला वाटत नव्हते. बरोबर असल्याची खात्रीही वाटत नव्हती. शेवटी रविवारी दुपारी तो नदीपलीकडे गेला. त्याचे गुरुजी आता फार थकले होते आणि नगर सोडून तिथल्या देवळात राहायला आले होते.

गुरुजी ओट्यावर वाती वळत बसले होते. शिष्याने सारे सांगितले. सांगताना त्याने दोन्ही पक्ष मांडले, आणि झाडे तोडू नयेत हा पक्षही इतका नीट मांडला की गुरुजी आता तोच उचलून धरतील असे त्याला वाटले. त्यावरची उत्तरे त्याने वाटेत तयार करून ठेवली होती.

"झाडं देतोस? दे," गुरुजी म्हणाले.

शिष्य क्षणभर गोंधळला. अडवले नाही म्हणून त्याला थोडे वाईटही वाटले.

"फक्त," गुरुजींनी वात ताटलीत ठेवली, "वसव्याची वाटणी झाली का?"

"वसव्याची… वाटणी?"

"भाऊ वेगळे निघतात तेव्हा वाटणी होते ना? तशीच. झाड घरातून वेगळं निघायचं असेल तर वसव्याचं जे जे असेल ते वसव्यात नेऊन ठेवायचं. मग खुशाल कुऱ्हाड चालवावी. तुला ठाऊक असेलच."

ठाऊक नव्हते. पण एवढी वर्षे ज्यांच्याजवळ शिकलो त्यांना 'ठाऊक नाही' म्हणण्याचे धैर्य त्याला झाले नाही. "हो, हो," तो म्हणाला, "वाटणी… ती तेवढी राहिलीच आहे."

"मग सकाळी येतो मी. पंच म्हणून."

परतताना शिष्याने वाटभर स्मृतिग्रंथ आठवून पाहिले, त्यांवरच्या टीका आठवून पाहिल्या. वसव्याची वाटणी कुठेच सापडली नाही. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की आपली स्मरणशक्ती आता जात चालली आहे.

सकाळी उन्हे तापायच्या आत गुरुजी काठी टेकत आले. अंगणातच थांबून त्यांनी भिंतीला टेकलेल्या नांगराकडे बोट केले.

"नांगर कुणाचा?"

"माझा."

"तसं नाही. शास्त्राने सांग. घट कुणाचा?"

"घट मृत्तिकेचा," शिष्य सवयीने बोलून गेला.

"आणि नांगर?"

शिष्याने नांगराकडे पाहिले. "बाभळीचा. बांधावरच्या."

"मग वसव्याचा. ने."

शिष्याने नांगर खांद्यावर घेतला आणि चिंचेखाली नेऊन ठेवला. मग पेरणीची पाभर गेली, जू गेले. कुदळीचा दांडा गेला आणि नुसते लोखंड अंगणात पडून राहिले. गुरुजी घरात शिरले. मथुरा पदर सावरून उभी राहिली.

"मुली, मुसळ कशाचं?"

"बाभळीचं, गुरुजी."

"रवी?"

"सासऱ्यांनी करून दिलेली. चिंचेच्या फांदीची."

"काटवट?"

काटवट, म्हणजे भाकरीचे पीठ मळायचे ते लाकडी पसरट भांडे, मथुरेने आपसूक छातीशी धरले. "ही पण?"

"काय पंडित?" गुरुजींनी शिष्याला विचारले.

"कारण तेच, तर कार्यही…" शिष्य पुटपुटला.

"काय ते मराठीत बोला," मथुरा म्हणाली.

"हीपण."

काटवट गेली. कोपऱ्यातले सरपण भारे बांधून गेले. चिंचेचा गोळा भरलेले मडके, वाळवलेल्या बोरांचे गाडगे, करंजाच्या तेलाची बुधली, समई जागेवर ठेवून तिच्यातले नुसते तेल, सकाळीच तोडून आणलेल्या शेवग्याच्या शेंगा, सगळे गेले. शेळ्यांपाशी गुरुजी थांबले.

"या काय खातात?"

"उन्हाळ्यात अंजनाचा पाला," शिष्य म्हणाला. "रानात दुसरं हिरवं राहतच नाही या दिवसांत."

"मग यांचं दूध?"

शिष्याने शेळ्या सोडल्या. त्या मात्र कुणी न ओढताच आनंदाने वसव्यात गेल्या आणि अंजनाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

माजघरात आई बाजेवर बसली होती.

"आईसाहेब," गुरुजी नम्रपणे म्हणाले, "बाज बाभळीची दिसते."

"असू दे. मी उठायची नाही."

"आई, वाटणी आहे," शिष्य म्हणाला. "शास्त्र आहे."

"शास्त्र तुझं, ढोपरं माझी!" म्हातारी कडाडली. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकले. "आणि वाटणीच करायची तर नीट करा की गुरुजी. बाभळीची बाज नेता, आणि चिंचेचं एवढं मोठं चिरंजीव घरात ठेवता?"

"म्हणजे?"

"हा पोटात होता तेव्हा मला अन्नाचा वास सोसायचा नाही. त्या झाडाच्या आंबट आकड्यांवर काढले मी ते दिवस. मामंजी रोज पदरात आणून टाकायचे. म्हणजे हा कुणाचा झाला? न्या याला, आणि नेऊन बसवा त्या वसव्यात!"

मथुरेने पदर तोंडाला लावला. म्हातारी कुरकुरत उठली आणि बाज बाहेर गेली. गुरुजींनी गंभीरपणे मान हलवली. "बरोबर आहे. आईसाहेबांचा युक्तिवाद निर्दोष आहे. पण आधी कणगी."

"कणगीत धान्य आहे," शिष्य घाईघाईने म्हणाला. "धान्य शेताचं. ते वसव्याचं नाही."

"धान्य शेताचंच. कणगी कशाची?"

कणगी निर्गुडीच्या फोकांनी विणलेली होती, ओढ्याच्या कुंपणातल्या. दाण्यांना कीड लागू नये म्हणून आत थराथराने कडुनिंबाचा पाला घातलेला होता. शिष्याने दोन्ही हातांनी कणगी कलती केली. ज्वारी जमिनीवर सांडली आणि रिकाम्या माजघरात पसरत गेली. पाला वेगळा केला. रिकामी कणगी उचलून तो बाहेर पडला तेव्हा ती फार हलकी लागली.

एवढ्यात भुजंगा आला. चिंचेखालचा तो ढीग पाहून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय पंडित? वसव्याला पीक येत नाही म्हणून वसव्यात बाजार भरवला काय?"

"तुझं काय काम होतं?" शिष्याने विचारले.

"काम म्हणजे… शिवळ मोडली माझी." जूच्या टोकाला बैलाच्या मानेबाहेर जी खुंटी बसवतात तिला शिवळ म्हणतात, नसली तर जू राहत नाही. "बाभळीचं एक लाकूड द्या. शेटजी सगळं नेण्याच्या आत म्हटलं मागून ठेवावं."

"यंदा शेतात खत किती पडलं, भुजंगा?" गुरुजींनी सहज विचारले.

भुजंगाने मान खाजवली. "खत कुठलं आलंय गुरुजी! सरपण नाही म्हटल्यावर शेण सगळं गोवऱ्यांत जातं. चुलीला पुरत नाही, तर शेताला कुठून?" आणि मग त्याला वाटले की आपण उगाच जास्त बोललो. "पण पीक माझंच भारी आलं!"

"आलं तर," गुरुजी म्हणाले. "ते कोण नाही म्हणतंय?"

ऊन चढले होते. गुरुजी घरात परतले, रिकाम्या माजघरात जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मुली, पंचाला जेवायला वाढतात."

मथुरेने इकडेतिकडे पाहिले. काटवट नव्हती, सरपण नव्हते. आमटीला चिंच नव्हती, शेंगा नव्हत्या, ताक नव्हते आणि घुसळायला रवी नव्हती. तिने ताट घेतले, जमिनीवरच्या राशीतून ओंजळभर ज्वारी घेतली, पाखडली, ताटात वाढली, शेजारी मीठ ठेवले आणि ताट गुरुजींसमोर सारले. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हते आता.

गुरुजींनी चित्राहुती घातली. मग कच्च्या ज्वारीचे दाणे तोंडात टाकले आणि उरलेल्या दातांनी शांतपणे चावू लागले. त्या घरात तेवढाच आवाज होता.

शिष्याला ते पाहवेना. भुजंगाएवढे धान्य आपल्याला झाले असते तर काय झाले असते, हा विचार त्याच्या मनात आला. ताटात ओंजळीऐवजी दोन ओंजळी असत्या. दाणे कच्चेच असते.

तो उठून बाहेर गेला. आईचे बोलणे मनात होते म्हणून असेल, किंवा दुसरीकडे बसायला जागा नव्हती म्हणून असेल, तो चिंचेखाली जाऊन त्या ढिगात, आपल्याच नांगराच्या शेजारी बसला. एवढी वर्षे त्याने वसव्याकडे शेतातून पाहिले होते. आज प्रथमच वसव्यात बसून तो घराकडे पाहत होता.

मागच्या रस्त्याने शेटजींची गाडी आली. मागून कुऱ्हाडी घेतलेली माणसे. शेटजी घामाने निथळत होते. उतरताच त्यांनी बैल सोडायला सांगितले आणि गाडीवानाने, कुणाला न विचारता, बैल चिंचेच्या सावलीत आणून बांधले. मग शेटजींचे लक्ष ढिगाकडे गेले. नांगर, बाज, मुसळ, मडकी, कणगी, शेळ्या, आणि मधोमध पंडित.

"अरेरे," शेटजी मनापासून म्हणाले, "म्हणजे ठरलं तर! झाडं विकून गावच सोडताय का, पंडित?"

शेटजींना आजची वाटणी ठाऊक नव्हती, तरी त्यांनी जे दिसले त्यावरून अनुमान केले होते. आणि ते अनुमान शास्त्रशुद्ध होते. घर सोडून जाणाऱ्या माणसाचा संसार असाच तर बाहेर काढून ठेवलेला असतो. जे होऊ नये म्हणून त्याने झाडांवर चुन्याचे ठिपके लावून घेतले, तेच त्याच्याभोवती मांडलेले होते.

गुरुजी काठी टेकत आले आणि सावलीला विसावले. मथुरा, आई, भुजंगा सगळेच येऊन उभे राहिले. उन्हात उभे राहायला कुणी तयार नव्हते.

"गुरुजी," शिष्य हळूच म्हणाला, "माझं अनुमान कुठे चुकलं? जिथे वसवा तिथे तोटा, हे खोटं नाही. ज्वारी खरंच खुजी राहते."

"खोटं नाहीच," गुरुजी म्हणाले. "भुजंगाला धान्य जास्त झालं हेही खरं. झाडाखाली ज्वारी दुप्पट येते असं सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहा. पण तू तोटा एका जागी पाहिलास आणि तिथेच पाहणं थांबवलंस. झाड शेताकडून जे घेतं ते एकगठ्ठा, सुगीच्या दिवशी, खळ्यावर दिसतं. ते जे देतं ते थोडं थोडं, वर्षभर, निरनिराळ्या दारांनी घरात येतं. म्हणून त्याची रास कधी पडत नाही. आज तुला मी ती रास घालून दाखवली. अरे, ज्या महिन्यात शेतात काही नसतं त्या महिन्यात चिंच पिकते. ज्या दिवसांत चारा नसतो त्या दिवसांत अंजन हिरवा असतो. एखाद्या साली ज्वारी रुसली तर बाभूळ रुसत नाही. ज्याचं शेत मोठं आहे त्याचं एक पीक गेलं तरी दुसऱ्या अंगाला काही उरतं. ज्याचं लहान आहे त्याला आडवं पसरायला जागा नसते. त्याने उभं पसरावं."

बोलण्याने त्यांना दम लागला होता.

"आणि शब्दाकडे बघ. पीक खुंटलं की आपण म्हणतो वसवा. पण नवं जोडपं आलं की थोरली माणसं काय म्हणतात? सुखानं घर वसवा. एकाच तोंडाने दोन्ही म्हणतो आपण. व्याकरणाने ते दोन शब्द वेगळे असतील. मला खात्री नाही, तू शोधून काढ. पण तुझ्या आजोबांना ते एकच वाटले असावेत, नाहीतर घराच्या इतक्या जवळ चिंच कोण लावतो?"

शेटजींच्या माणसांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या आणि ती बुंध्याला पाठ टेकून बसली.

पंडित उठला. या वेळी त्याने दुसरी बाजू मांडली नाही.

"शेटजी, झाडं देत नाही. शब्द दिला होता, तो मोडतोय. दोष माझा."

"पान-सुपारी झालीय पंडित," शेटजी म्हणाले. "माणसं आणलीत मी."

"रिकामे नाही पाठवत. ओढ्याकडची ती म्हातारी बाभूळ वठलीय, आतून पोकळ आहे. ती न्या. आणि बाकीच्यांच्या खालच्या फांद्या छाटून न्या. पेरणीच्या आत फांद्या उतरल्या की वसवा निम्मा होईल माझा. तुम्हाला कोळसा, मला ऊन. दरवर्षी या."

"कोळसा बुंध्याचा चांगला."

"फांद्यांचा होतच नाही?"

"होतो…" शेटजी कुरकुरले. "लोहारांना चालतो. पण फेरा वाढतो ना!"

"चिंचही न्या मग त्याच फेऱ्यात. नाहीतरी विकायला चिंच कुठून आणता तुम्ही?"

"आता कुठली चिंच! सगळ्यांनी झाडं मलाच तर विकली. आता चिंच बघायला मिळत नाही, म्हणून तर भाव असा चढलाय की…" आणि शेटजींनी जीभ चावली.

सगळ्यात आधी म्हातारी हसली. मग मथुरा, मग कुऱ्हाडीवाले, आणि शेवटी शेटजी स्वतः. "बोलून बसलो," ते म्हणाले. "जाऊ द्या. दरवर्षीचं गिऱ्हाईक एका दिवसाच्या गिऱ्हाइकापेक्षा बरं. द्या ती वठलेली बाभूळ."

"त्या बाभळीच्या जागी?" गुरुजींनी विचारले.

"दुसरी लावतो," शिष्य म्हणाला. "पाऊस पडला की."

"आधी लाव, मग तोडू दे. झाड हेही पीकच आहे. पिकलं की कापावं, त्यात पाप नाही. पण कापायच्या आधी पेरलेलं असावं."

म्हणून वठलेली बाभूळ त्या दिवशी तिथेच राहिली. तिच्या मुळाशी रोप आल्यावरच ती शेटजींच्या गाडीत चढली. त्या दिवशी गाडी नुसत्या फांद्यांनी भरून गेली, आणि त्यातली एक जाडशी भुजंगाने शिवळीसाठी मागून घेतली. जाताना तो बांधापाशी घोटाळला. "पंडित," तो खालच्या आवाजात म्हणाला, "चिंचेचं रोप… तुमच्याकडं एखादं उगवलं असंल की, खाली पडलेल्या चिंचोक्यांचं?"

"वसव्याच्या धन्याकडे ते नसेल तर कुणाकडे असेल?" पंडित म्हणाला. त्याला स्वतःवरची थट्टा करता आली, आणि ती टोचली नाही.

मग एकेक वस्तू घरात परत जाऊ लागली. काटवट आधी गेली. चुलीवर भाकरीचा वास सुटला, शेवग्याच्या शेंगांची आमटी उकळू लागली. कणगी जागेवर बसली आणि मथुरेने खाली सांडलेली ज्वारी पुन्हा तिच्यात भरली; दाणे तेवढेच होते, पण पंडिताला या वेळी कणगी रिकामी दिसली नाही. वाहून नेता नेता शेवटी तो दमून चिंचेखाली टेकला. गुरुजी शेजारीच होते.

"गुरुजी, एक विचारू? वसव्याची वाटणी कोणत्या ग्रंथात आहे? मी खूप आठवलं."

"कुठल्याच नाही," गुरुजी म्हणाले. "वाती वळता वळता सुचली. तू मला त्याच वेळी 'असं काही नाही' म्हणाला असतास तर माझी पंचाईतच होती."

शिष्य इतका हसला की अंजनाखालच्या शेळ्यांनी माना वर केल्या.

नगराला नकार कळवला गेला. पुढच्या पेरणीला वसव्याच्या पट्ट्यात पंडिताने ज्वारीचा आग्रह धरला नाही. तिथे हळद लावली, तिला सावली आवडते. उरलेल्या शेतात ज्वारी भुजंगाएवढी आली नाही, आणि त्याबद्दल कुणी काही बोललेही नाही. न लिहिलेल्या ग्रंथातली ती वाटणी मात्र त्या गावात खरीच रूढ झाली. आजही तिथे कुणी बांधावरचे झाड विकायला काढले की म्हातारी माणसे म्हणतात, आधी वसव्याचं वसव्यात नेऊन ठेव. आणि बहुतेक माणसे मुसळापर्यंत पोहोचतात आणि तिथून परत फिरतात.

पण ते पुढचे. त्या दुपारी ताटे वाढून झाली तरी पंडित चिंचेखालून हलला नव्हता. मथुरा मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो," तिने हाक मारली, "सगळं आलं घरात. आता तुम्हाला काय उचलून आणायचं?"

जी जागा आपल्याला तोट्याची वाटते, ती तोडण्याआधी एकदा तिथे जाऊन बसावे. तिथे कोण कोण वसले आहे, ते बसल्यावरच दिसते.